दर सहा गुणांनंतर

“गाढव! टेबल समोर आहे, छतावर नाही. समोर!”

हे मला तोंडावर ऐकून घ्यावं लागलं, मित्रांनो. तोंडावर म्हणजे खरोखरच तोंडावर, कारण बोलणारीचं अख्खं तोंड माझ्यात खुपसलेलं होतं. पण शिवी मला नव्हती. ती अकरा वर्षांची मुलगी स्वतःलाच झापत होती. नऊ-पाच अशी पुढे होती आणि बघता बघता नऊ-नऊ झाले होते. तिचं नाक तापलं होतं, पापण्या ओल्या होत्या, आणि पुढचं वाक्य मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

मी एक जुना नॅपकिन आहे. खेळाच्या हॉलमध्ये मला टॉवेल म्हणतात, घरी दोरीवर टाकला की नॅपकिन. रंग मोहरीचा होता. आता कसला आहे ते बघणाऱ्याने ठरवावं. टेबल टेनिसमध्ये एक नियम असतो. दर सहा गुणांनंतर खेळाडूला घाम पुसायची मुभा मिळते. फार तर चार-पाच श्वासांची. खेळाडू येतो, टोपलीतून मला उचलतो, तोंड पुसतो, मला परत टाकतो आणि जातो. मधल्या वेळात मी टोपलीत उताणा पडून वर दिसेल ते बघत राहतो. माझं सगळं आयुष्य असल्या तुकड्या-तुकड्यांचं आहे. पण त्या तुकड्यांमध्ये मी जे ऐकलं ते ना पंचांनी ऐकलं, ना प्रशिक्षकांनी. घरच्यांचं तर नावच नको.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शंभर माग एकदम खडखडायचे, त्यामुळे कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायचे. माझा काठ विणला जात असताना मागावरच्या माणसाला लागोपाठ तीन शिंका आल्या. तिसऱ्या शिंकेपर्यंत काठ तिरका गेला तो गेलाच. म्हणजे बघा, लक्ष विचलित झाल्याचा पहिला पुरावा मी स्वतःच. माझी रवानगी डागी मालाच्या ढिगात झाली आणि तिथून एका दुकानाच्या पायरीवर, मोज्यांच्या आणि पायपुसण्यांच्या शेजारी.

एका संध्याकाळी एक माणूस त्या ढिगाशी येऊन थांबला. कमरेला हत्यारांची पिशवी, कोपरापर्यंत काळं तेल. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने ढीग उपसला, मला बाहेर काढलं आणि त्याचा अंगठा माझ्यावर सुबक उमटला.

“अहो साहेब, हात बघा तुमचे!” दुकानदार कळवळला. “आता हा तुमचाच झाला.”

“माझाच होता तो,” माणूस म्हणाला. “फक्त पांढरा नको होता. चेंडू पांढरा असतो ना.”

दुकानदाराला या उत्तरातलं ओ की ठो कळलं नाही. मलाही नाही.

घरी मुलगी होती, तिची आई होती आणि एका खोलीत तिघांना पुरेल एवढी गडबड होती. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घरीसुद्धा ती कुणाकडे बघायची ते डोळे बारीक करून, माणसाचा नंबर काढत असल्यासारखी. मुलीला तिचा बाबा मुंगी म्हणायचा. लहानपणी ती फरशीच्या रेघेवरून, मान खाली घालून, इकडचं तिकडे न बघता चालत जायची म्हणून. रागावली की मग मात्र मुंगीची लाल मुंगी व्हायची. त्या दिवशी बाबाने मला तिच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “घे मुंगे. तुझ्या सरांनी टॉवेल आण म्हटलं होतं ना? आता तू मोठी खेळाडू.”

“याचा काठ वाकडा आहे,” मुंगी म्हणाली.

“तुझा बॅकहँडही वाकडा आहे. चालतं की नाही?”

सर दिवसा चाव्या बनवायचे. रस्त्याच्या कडेला त्यांची टपरी होती, आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. संध्याकाळी ते टपरी बंद करून एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर मुलांना खेळ शिकवायचे. चार टेबलं होती. त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. सरांचा आवाज कधी चढत नसे. त्यांच्या बोटांवर कानशीचे ओरखडे होते आणि चेंडू हातात घेतला की ते तो कानाशी नेऊन हलवून बघायचे. मुलं म्हणायची, सर चेंडूलापण विचारतात, कुठल्या कुलपाची चावी तू?

मुंगीचा हात चांगला होता. डोकं मात्र चेंडूपेक्षा जास्त उड्या मारायचं. एक गुण गेला की ती बॅट मांडीवर आपटायची. दोन गेले की टेबलाभोवतीच्या बुटक्या कठड्याला लाथ. आणि सहा गुण झाले की माझी पाळी. ती मला असं घासायची की घाम पुसतेय की भांडी, कळायचं नाही. जिंकत आलेले सामने ती अशीच घालवायची, एकामागून एक.

एके दिवशी सरांनी मला टोपलीतून उचलून तिच्यासमोर धरलं.

“हा कशाला असतो?”

“घाम पुसायला.”

“मग तू याच्याशी भांडतेस का?”

मुंगीने माझा काठ बोटाला गुंडाळला.

“नीट ऐक. याच्यात तोंड घातलंस की आधी श्वास सोडायचा. आत घ्यायची घाई सगळेच करतात. सोड, सगळा सोड, मग आत आपोआप येतो. गेलेला गुण इथे पुसायचा आणि टॉवेलबरोबर टोपलीत टाकून यायचा. बरोबर घेऊन टेबलाशी जायचं नाही. आणि परत जाताना एकच गोष्ट ठरवायची. पुढची सर्व्हिस कुठे पडणार. जिंकणार की हरणार हे ठरवायचं नाही. फक्त कुठे पडणार.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि वर बघायचं नाही.”

वर म्हणजे प्रेक्षकांत. प्रेक्षकांत म्हणजे बाबाकडे. त्याचं असं होतं, मित्रांनो, की प्रत्येक गुणाला तो खुर्चीतून उठायचा आणि गुण संपला की बसायचा. उठायचा, बसायचा. मुंगीची आई म्हणायची, “लिफ्ट दुरुस्त करता करता हा माणूस स्वतःच लिफ्ट झालाय.” ती स्वतः सामन्यांना कधी यायची नाही. “मला नाही बघवत. मी आपली काचा घासते, निदान काहीतरी गुळगुळीत तरी होतं.” मुंगी मात्र प्रत्येक गुणानंतर मान वळवून त्याच्याकडे बघायची. तो उभा असला तर तिला वाटायचं, काहीतरी बिघडलंय. बसलेला असला तर वाटायचं, आता सगळं संपलं.

सरांनी त्यालाही बाजूला घेतलं. “तुम्ही उठत जाऊ नका हो. ती तुमचा चेहरा बघून ठरवते, आपण हरतोय म्हणून.”

“मग काय करू? पिशवी घालू तोंडावर?”

“मागच्या रांगेत बसा.”

मग बाबा अगदी शेवटच्या रांगेत, जिन्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसू लागला. तिथेही उठायचाच, पण तिथून तो लहान दिसायचा. पहिल्या दिवशी त्याने मुंगीला सांगितलं, “मी तिथे नाहीच असं समज.”

“पण तू असशील ना?”

“असेन की. तू समजायचं, नाही म्हणून.”

ते जमायला तिला जवळजवळ वर्ष लागलं. शिव्या हळूहळू कमी झाल्या. आधी शिव्यांच्या जागी कुरकुर आली, कुरकुरीच्या जागी आकडे आले, आणि मग एका सामन्यात चार-आठ अशी मागे असताना ती आली, मला तोंडाला लावलं आणि एक लांब, गरम श्वास सोडला. माझ्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकातून बाहेर पडावा असा. मग हळूच म्हणाली, “लांब. मधोमध.” सर्व्हिस लांब पडली, मधोमध. ती गेम तिने जिंकली. मी टोपलीत पडल्या पडल्या फुगलो होतो. नॅपकिनला फुगायला फारसं काही लागत नाही, म्हणा. सर घरी जाताना मला हातात घेऊन म्हणाले, “शहाणा आहेस.” माझ्या आयुष्यात माझी अशी स्तुती कुणी केली नव्हती.

आता जे सांगणार आहे, ते मी सरळ सांगून टाकतो.

मुंगी तेव्हा तेराची. मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती. मोठा हॉल, सहा टेबलांवर एकदम सामने, सगळीकडे चेंडूंची टकटक आणि बुटांची करकर. पाच गेमचा सामना. पहिली गेम मुंगी हरली होती, दुसरी जिंकली होती, तिसरी चालू होती. तिची पाठ प्रेक्षकांकडे होती. चार-दोनवर तिने मला टोपलीत टाकलं, मी उताणा पडलो आणि मला शेवटची रांग दिसू लागली.

बाबा उठला. बसला. पुन्हा उठला. मग जो बसला तो खुर्चीवर नाही.

फार मोठा आवाज झाला नाही. धप्प असं काहीतरी आणि खुर्च्या सरकल्याची कर्कश ओरड. दोघे-तिघे धावले. जवळच्या टेबलांवरचे काही जण वळून बघू लागले. मुंगीने वळून बघितलं नाही. तिला तसंच शिकवलं होतं. तिने सर्व्हिस केली.

दुसऱ्या एका खेळाडूची आई जिन्यावरून उतरून सरांच्या खुर्चीशी वाकली. माझी टोपली तिथून दोन हातांवर होती.

“मुलीच्या वडिलांच्या छातीत दुखतंय. खाली गाडीत घेतायत त्यांना,” ती धापा टाकत म्हणाली. “शुद्धीवर आहेत. मुलीला विचारतायत. पाठवता का तिला?”

सर अर्धे उठले. त्यांनी टेबलाकडे बघितलं. नऊ-आठ झाले होते. मुंगी चेंडू तळहातावर ठेवून उभी होती, शांत, अगदी त्यांनी शिकवल्याप्रमाणे.

“तुम्ही पुढे व्हा,” सर म्हणाले. “एक-दोन गेमचा प्रश्न आहे. मीच घेऊन येतो तिला.”

बाई क्षणभर थांबली, मग गेली. सर परत खुर्चीवर टेकले.

ती गेम मुंगीने जिंकली. मला खांद्यावर टाकून ती सरांपाशी आली. पाणी प्यायली. मग विचारलं, “सर, मागे आवाज कसला झाला?”

“खुर्ची पडली कुणाचीतरी,” सर म्हणाले. “पुढची सर्व्हिस कुठे?”

“आखूड. डावीकडे.”

“जा.”

दर गेमनंतर बाजू बदलतात, तशी चौथ्या गेमलाही बदलली. मुंगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पहिले सहा गुण झाले, त्यातला तिला एक मिळाला. ती माझ्यापाशी आली, मला तोंडाला लावलं आणि तशीच उभी राहिली. श्वास सोडला नाही, काही पुटपुटली नाही. पंच म्हणाले, “चला, खेळा.” मग तिने मला टोपलीत ठेवलं. टाकलं नाही, घडी करून ठेवलं. ती गेम ती चार-अकरा हरली. पाचवी ती अशी जिंकली की बघणारे तोंडात बोट घालून बसले. एकही चूक नाही, चेहऱ्यावर एकही रेघ नाही. सहा गुणांनंतर तिने मला चेहऱ्यावरून फिरवलं, तेव्हा माझ्या धाग्यांना काहीही लागलं नाही. मला वाटलं, याला म्हणतात तयारी. मी तेव्हा मूर्ख होतो.

समोरच्या मुलीशी हात मिळवून झाल्यावर सर म्हणाले, “चल, बाबांना जरा बरं नाही.” ती म्हणाली, “बरं.” कुठे, काय, किती, काहीच विचारलं नाही. मला पिशवीत कोंबलं आणि निघालो.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा एका खोलीबाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. दुकानातून तशीच आली होती. बोटांना काचांची पांढरी पूड लागलेली होती. तिने मुलीकडे डोळे बारीक करून बघितलं, तिला नीट दिसत नसल्यासारखं.

“जिंकलीस?” तिने विचारलं.

“हो.”

“बरं,” आई म्हणाली.

आत जायची घाई कुणीच केली नाही. घाई करण्यासारखं आत काही उरलं नव्हतं.

नंतर घरी माणसं येत राहिली. मी दाराशेजारी पिशवीत, ओलाच. येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचं. मावशी म्हणाली, शेजारचे काका म्हणाले, लिफ्टवाले सोबती म्हणाले: “पोरीला बिचारीला काही कळलंच नाही. कळलं असतं तर कसली खेळतेय?” मग कुणीतरी म्हणायचं, “पण जिंकली हो. वडिलांना समाधान.” सर कोपऱ्यात पाण्याचा पेला धरून उभे असायचे आणि मान डोलवायचे. पेल्यातलं पाणी तसंच असायचं. मुंगीही मान डोलवायची. ती दोन माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत, हे पिशवीच्या फटीतून मला दिसलं. इतरांना दिसलं नाही.

मी तीन आठवडे त्या पिशवीत होतो. मला बुरशीचे काळे ठिपके आले. आईने मला शोधून काढलं, नाकाशी नेलं आणि “शी!” म्हणून बादलीत टाकलं. उकळतं पाणी, ब्रश, पुन्हा पाणी. ठिपके गेले. बाबाच्या अंगठ्याचा डाग इतके दिवस कशालाच दाद देत नव्हता, तोही त्या दिवशी गेला. ते आईच्या बहुधा नंतर लक्षात आलं, कारण ती मला हातात घेऊन, पाणी गळत असताना, बराच वेळ उलटसुलट करत राहिली.

मुंगी परत खेळायला लागली आणि जिंकायला लागली.

तिची चूक व्हायची नाही. झाली तरी तिला काही वाटायचं नाही. दोन-नऊ असो की नऊ-दोन, चेहरा तोच. हॉलमधली मुलं तिला फ्रीज म्हणू लागली, पण आदराने. “आज फ्रीजशी आहे रे माझा सामना, मेलो.” दुसऱ्या हॉलचे प्रशिक्षक आपली मुलं घेऊन यायचे: “बघा, मन असं ताब्यात पाहिजे. शिका काहीतरी.” आमच्या हॉलमधली चिमुरडीसुद्धा तिच्यामागे रांगेत उभी राहून, तिच्यासारखा चेहरा करून सर्व्हिस करायची. कपाटावर चषक जमू लागले. आई त्यावरची धूळ पुसायची, खाली कोरलेलं वाचायची नाही.

“जेवलीस?”

“हो.”

“काय जेवलीस?”

“जे होतं ते.”

घरात एवढंच बोलणं व्हायचं, तेही बहुतेक पाठमोरं.

दर सहा गुणांनंतर ती माझ्याकडे यायची, नेमाने. मला कपाळाला एकदा, हनुवटीला एकदा लावायची आणि ठेवायची. मी जसा जायचो तसा कोरडा परत यायचो. मित्रांनो, लोकांना जे वरून सारखंच दिसतं त्यातला फरक नॅपकिनला कळतो. शांत माणसाचा श्वास माझ्यात खोलवर येतो. त्याला भीती असते, राग असतो, तो ते माझ्यात सोडतो आणि जातो. हिचा श्वास माझ्या काठापर्यंतही पोचायचा नाही. सोडायला काही नव्हतंच, किंवा होतं ते तिने कुठेतरी असं बंद केलं होतं की आता तिलाही सापडत नव्हतं. मला गाढव म्हणून घ्यायची सवय होती. ते ऐकायला मी अक्षरशः आसुसलो होतो.

सरांचंही काही खरं नव्हतं. शाळा सुटल्यावर मुंगी त्यांच्या टपरीशी जाऊन बसायची, पिशवी खुंटीला. लोक चाव्या परत आणायचे. “सर, ही लागत नाही हो.” सर माफी मागून पुन्हा घासायला घ्यायचे. ज्या माणसाने वीस वर्षांत एक चावी चुकवली नव्हती, त्याची आता दिवसाला एक चुकायची. एकदा मुंगी म्हणाली, “सर, तुमचं लक्ष नाही.” सर म्हणाले, “हो.” कानस तेवढी खर्र खर्र वाजत राहिली.

मला एकच भीती होती. ती अशीच जिंकत राहील, आणि मग तिला यातून बाहेर काढायचं कुणाला सुचणारच नाही. जिंकणाऱ्या मुलीला कोण विचारतं, तुला काय झालंय?

अशी दीड वर्षं गेली. मग मुख्य संघाच्या निवडीचा सामना आला. जिंकेल तिची निवड, हरेल ती घरी. त्याचा निकाल मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष उगाच तिकडे राहणार नाही. मुंगी हरली. शेवटच्या गेममध्ये सात-पाचने पुढे होती आणि नऊ-अकरा हरली. वर्तमानपत्रात एका ओळीत आलं, दडपण सहन झालं नाही म्हणून. त्या दिवशी घरी जाताना मी भिजून इतका जड झालो होतो की पिशवीचा बंद आईच्या खांद्यात रुतला.

आणि मला तुम्हाला जे मागायचं आहे तेही इथेच मागतो, कारण शेवटी मला बोलायला जागा मिळणार नाही. मित्रांनो, वापरलेला नॅपकिन ओला कोंबून ठेवू नका. तो बाहेरून वाळतो, आतून कुजतो. त्याला पिळा, झटका, हवेवर टाका. आणि एखादं मूल फारच शहाण्यासारखं, फारच शांत वागायला लागलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा त्याचा नॅपकिन हातात घेऊन बघा.

आता तो सामना.

आई पहिल्यांदाच आली होती. कुठे बसायचं ते ठाऊक नसल्यामुळे ती अगदी पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. सरांनी धाकटी मुलं आणली होती, ती त्यांच्या खुर्चीमागे कठड्याला चिकटून उभी होती. पाचवी गेम. सात-पाच झाले, मुंगीने मला कपाळाला लावलं, हनुवटीला लावलं, ठेवलं आणि टेबलाशी गेली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या खेळाडूचा पाय मुरगळला. ती कठडा घेऊन आमच्या बाजूला आडवी झाली आणि अशी किंचाळली की सगळ्या हॉलमधली टकटक थांबली. पंचांनी हात वर केला. समोरची मुलगी बॅट टेबलावर टाकून तिला उचलायला धावली. आई उभी राहिली. सगळेच उभे राहिले.

मुंगी तळहातावर चेंडू ठेवून, टेबलाच्या पांढऱ्या रेघेकडे बघत उभी होती. त्या मुलीला दोघांनी धरून तिच्या अगदी जवळून नेलं. तिचा लोंबता बूट मुंगीच्या बाहीला घासला. मुंगीची नजर रेघेवरून हलली नाही. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. “याला म्हणतात एकाग्रता! नाव घ्यायला पाहिजे पोरीचं!” मग आणखी टाळ्या.

सरांच्या मागे उभ्या असलेल्या एका चिमुरडीने त्यांची बाही ओढली. “सर, आम्हीपण असंच करायचं ना? कुणी पडलं तरी बघायचं नाही?”

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग ते उठले आणि दोन्ही हातांनी पंचांना टाइम-आउटची खूण केली. पुढे असताना, लय लागलेली असताना. लोक कुजबुजले, याला वेड लागलंय. प्रत्येक सामन्यात एकच मिनिट मिळतं असं, आणि ते हा माणूस आता घालवतोय.

मुंगी आली. जाता जाता तिने मला उचललं आणि खुर्चीवर बसली.

“काय झालं सर? मी पुढे आहे.”

सर तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आताही चढला नाही.

“त्या दिवशी खुर्ची पडली नव्हती.”

मुंगीने मला मांडीवर ठेवलं.

“तुझे बाबा पडले होते. मला निरोप आला होता. ते शुद्धीवर होते आणि तुला विचारत होते. मी तुला पाठवलं असतं तर तू गाडीत त्यांच्याजवळ बसली असतीस. मी नाही पाठवलं. लोक म्हणतात कुणाला काही कळलं नाही, आणि मी मान डोलवतो. मला सगळं माहीत होतं. मला ती मॅच सोडवली नाही, बाळा.”

पंच घड्याळाकडे बघत होते. मी तिच्या मांडीवर होतो. तिच्या बोटांनी माझा काठ पकडला आणि पिळायला सुरुवात केली, हळूहळू, मी कोरडा असूनही. तिने मला तोंडाशी नेलं नाही. जे बोलायचं ते एरवी ती माझ्यात बोलायची. या वेळी ती सरांच्या डोळ्यांत बघून बोलली.

“चौथ्या गेमला बाजू बदलली ना, तेव्हा मी वर बघितलं, सर. बाबाची खुर्ची सरळ उभी होती. पडली नव्हती. आणि तो त्याच्यात नव्हता. माझी मॅच सोडून तो पाणी प्यायलासुद्धा जायचा नाही.”

“मुंगे...”

“मला कळलं होतं. मी खेळत राहिले.”